आईचा डिव्हिडंड

व्याज हक्कानं मागता येतं, लाभांश नाही. नफा व्हावा लागतो, संचालकांनी शिफारस करावी लागते, वार्षिक सभेनं मंजुरी द्यावी लागते. सभासदांना तो आकडा कमी करता येतो, वाढवता येत नाही. मात्र एकदा जाहीर झाला की ते कंपनीच्या डोक्यावरचं देणंच. ३० दिवसांत चुकतं करावं लागतं. हे सारं मी पुढे कॉमर्सला शिकले. आमच्या घरात तोवर डिव्हिडंड म्हणजे आईचे पैसे.

१९७३च्या परकीय चलन कायद्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा भारतीयांना विकावा लागला. तेव्हा बाबांनी थोडे शेअर घेतले, आईच्या नावावर. वर्षातून एक-दोनदा टपालानं लाभांशाचं वॉरंट येई. ते मुदतीत भरायला आई स्वतः बँकेत जायची. घरखर्चातून उरलेल्या पैशांचा हिशेब तिला द्यावा लागे, या पैशांचा नाही. त्यातून तिनं दिवाळी अंक घेतले, भावाला नकळत मदत केली, माझी टायपिंगच्या क्लासची फी भरली.

‘पन्नास टक्के लाभांश’ वाचून मी हरखून जायचे. ते टक्के दर्शनी किमतीवरचे असतात. १० रुपयांच्या शेअरवर ५ रुपये, मग बाजारात तो ४०० ला का असेना.

लाभांश दिला की शेअरचा भाव साधारण तेवढाच उतरतो, म्हणजे आपलेच पैसे या खिशातून त्या खिशात, असं जाणकार सांगतात. गणित बरोबर आहे. पण शेअर विकायचा तर आईला दलाल गाठावा लागला असता, बाबांना विचारावं लागलं असतं. लाभांश तिच्या नावानं घरी यायचा. हा फरक त्या गणितात कुठेच दिसत नाही, आणि माझ्या लेखी तोच मोठा आहे.

आता रक्कम थेट खात्यात येते. २०२० पासून त्यावरचा कर कंपनीऐवजी आपण भरतो. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अशा न घेतलेल्या लाभांशाच्या याद्या असतात, त्या मी नेमानं वाचते. त्यांत बायकांची नावं दिसली की जीव तुटतो. अर्ज केला तर सगळं परत मिळतं, पण लग्नाआधीचं आडनाव, बदललेला पत्ता, न जुळणारी सही यांत महिने जातात. नात्यातल्या बायकांचे हे अर्ज मीच भरून देते. सध्या मावशीचा चालू आहे. तिच्या विवाहाचा दाखला मिळायचा आहे.