पाळी जाताना मनाचं काय होतं

भिवंडीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना पंचेचाळिशीच्या आसपासची बाई समोर बसली की तिच्या तक्रारींचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी कंबर, मग गुडघे, तळपायांची आग, जड डोकं, छातीतली धडधड. पद्मानगरची बाई म्हणते, "जीव घाबरा होतो, डॉक्टरबाई." शांतीनगरची म्हणते, "घबराहट होती है, नींद नहीं आती, ताकत की सुई लगा दो." पाळीबद्दल विचारलं की कळतं, ती दोन-दोन महिने येत नाही आणि आली की दहा दिवस थांबत नाही. मनाबद्दल मात्र कुणी आपणहून अवाक्षर काढत नाही. उदास वाटतं, रडू येतं, कशात जीव रमत नाही, हे डॉक्टरला सांगायचं असतं असं तिला वाटतच नाही. मग शरीराच्या तक्रारीवर शरीराचे उपाय होतात. सलाईन लागतं, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन मिळतं आणि झोपेसाठी एक छोटी गोळी. बाई घरी जाते आणि महिन्याभराने त्याच तक्रारी घेऊन परत येते.

या वयातलं नैराश्य हा ओळखता येणारा आणि बरा होणारा आजार आहे, हे मला या लेखात सांगायचं आहे. शिवाय आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. त्याचा सगळ्यात मोठा धोका पाळी कायमची थांबल्यानंतर नसतो. ती बिघडायला लागते त्या वर्षांत असतो.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं आम्ही म्हणतो. भारतीय बायकांमध्ये हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी घडतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे बदलाची सुरुवात चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच झालेली असते. या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन हळूहळू एका रेषेत उतरत जातं, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात नेहमीपेक्षाही वर चढतं, पुढच्या महिन्यात तळाला जातं. भिवंडीकरांना हे समजावताना मी लूमचंच उदाहरण देते. लाइट गेली तर माग नुसता बंद पडतो, पण व्होल्टेज वरखाली होत राहिलं तर मोटर जळते. मेंदूत झोप, भूक, उत्साह, राग सांभाळणारी जी रसायनं आहेत, विशेषतः सेरोटोनिन, त्यांच्या कामावर इस्ट्रोजेनचा प्रभाव असतो. काही जणींचा मेंदू या चढउताराला फार संवेदनशील असतो. बाळंतपणानंतर ज्यांना नैराश्य आलं होतं किंवा पाळीच्या आधीचा आठवडा ज्यांना दर महिन्याला असह्य जायचा, त्यांच्याकडे म्हणूनच मी जास्त लक्ष देते.

२००६ साली अमेरिकेतले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, एक बोस्टनचा आणि एक फिलाडेल्फियाचा. पूर्वी कधीही नैराश्य न आलेल्या बायकांना त्यांनी वर्षानुवर्षं तपासलं होतं. बोस्टनच्या अभ्यासात पाळी बदलू लागलेल्या बायकांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसण्याची शक्यता, पाळी नियमित असलेल्या बायकांच्या सुमारे दुप्पट निघाली. फिलाडेल्फियाचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता. अंगातून वाफा निघणं आणि त्याच काळात आयुष्यात काही वाईट घडणं, या दोन गोष्टी असतील तर धोका वाढत होता.

पण बहुसंख्य बायकांना या वयात नैराश्य येत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने उतारवयातल्या उदासीनतेला वेगळा आजार ठरवलं आणि पुढची कित्येक दशकं पाळी जाणाऱ्या बाईच्या प्रत्येक अश्रूवर तोच शिक्का बसला. १९७९ साली मर्ना वाइसमन यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिलं की असा वेगळा आजार नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी निदानसूचीतून तो गेलाही. त्याआधी १९७५ मध्ये मार्शा फ्लिंट यांनी भारतातल्या राजपूत बायकांबद्दल लिहिलं होतं. पाळी गेल्यावर त्यांच्यावरची बंधनं सैल होत आणि त्यांच्या तक्रारी फारच कमी होत्या. हे मला इथेही दिसतं. विटाळाची कटकट संपली, वारीला जाता येतं, रोजे पूर्ण ठेवता येतात, म्हणून समाधानाने सांगणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. मात्र तिथवर पोचण्याआधी, पाळी कधीही येते आणि कधीही थांबते त्या दोन-चार वर्षांत, त्याच बायका देवाधर्माच्या बाबतीत सतत धास्तावलेल्या असतात. सत्यनारायणाची तारीख ठरवायची कशी? रमजानमध्ये हा रक्तस्राव पाळीचा धरायचा की आजाराचा? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांनी त्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

झोपेवर मी जरा थांबते, कारण भिवंडीत नैराश्याचं दार बहुतेक वेळा झोपेतून उघडतं. रात्री अचानक छातीतून मानेकडे उष्णतेचा लोट येतो, घामाने ब्लाउज भिजतो, मिनिटा-दोन मिनिटांत अंग गार पडतं. रात्रीतून तीन-चारदा हे झालं की झोपेचं खोबरं होतं. आता ही बाई कुठे झोपते ते पाहा. पत्र्याखालची एक खोली, शेजारी दोन्ही पाळ्यांत चालणारे माग, एकच पंखा आणि तो रात्रपाळी करून आलेल्या मुलाकडे वळवलेला. सकाळी पाणी भरायला उठायचं ते तिनेच. दिवसभर घरी बसून धागे कापायचे किंवा कारखान्यात कांड्या भरायच्या. अशी दोन वर्षं गेली की चिडचिड, विसरभोळेपणा आणि रडू येणं, यात तिच्या स्वभावाचा काय दोष? अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासानुसार या वाफा सरासरी सात वर्षांहून अधिक टिकतात. "सहन करा, जाईल आपोआप" असं सांगणाऱ्याने सात वर्षं म्हणजे किती, याचा विचार करावा.

दुसरं चित्र याच्या अगदी उलट आहे. काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडे या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली. जमिनीचे पैसे आले, बंगले झाले. लावणीला चिखलात एका ओळीत उभं राहून गाणी म्हणणाऱ्या आगरी बायका आता मार्बलच्या हॉलमध्ये एकट्या बसतात. मुलगी सासरी गेली, मुलगा मोबाइलमध्ये, नवरा जागेच्या व्यवहारात. "सगळं आहे ना तुला, मग रडतेस कशाला?" हा प्रश्न त्यांना घरातून रोज ऐकावा लागतो, आणि तो त्यांना आणखी गप्प करतो. हार्मोनचा हेलकावा दोघींच्याही शरीरात सारखाच असेल, पण त्याला जोड मिळते ती आपापल्या आयुष्याची. म्हणून सगळं खापर पाळीवर फोडणं मला पटत नाही. दारुड्या नवऱ्याची मारहाण किंवा बंद पडलेल्या लूमचं कर्ज हार्मोनच्या गोळीने मिटत नाही.

गर्भाशय काढलेल्या बायकांचा विषय मला फार अस्वस्थ करतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांची गोष्ट २०१९ मध्ये महाराष्ट्रासमोर आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पिशवी काढली, कटकट गेली, असं सर्रास म्हटलं जातं. पण सोबत अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं आणि नैराश्याचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते, आणि पाळीच नसल्यामुळे ती आल्याची खूण बाईला मिळत नाही. अडतिसाव्या वर्षी ऑपरेशन झालेली बाई बेचाळिसाव्या वर्षी रात्ररात्र जागते, तेव्हा घरचे देवऋषाकडे नेतात, "बाहेरचं" बघतात. पिशवी काढायची म्हटलं तर बायकांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं आणि अंडाशयं ठेवणार की काढणार, हे ऑपरेशनपूर्वी स्पष्ट विचारावं.

मग ओळखायचं कसं? मी दोन प्रश्न विचारते. गेले दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, निराश असतं का? आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा, त्यात आता रस वाटेनासा झालाय का? यांपैकी एकाचं उत्तर हो आलं की पुढची चौकशी करायची. त्यात जीव नकोसा वाटतो का, स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारते. असं विचारल्याने तो विचार बाईच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिला हायसं वाटतं. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घेते. दहा-दहा दिवस अंगावर जाणाऱ्या पाळीने रक्त कमी झालेलं असतं, आणि थायरॉइड मंदावला तरी माणूस तसाच सुस्त, उदास दिसतो.

उपचारांची भीती आजारापेक्षा मोठी असते. मनोविकारतज्ज्ञाचं नाव काढलं की नवरा दचकून विचारतो, "म्हणजे ठाण्याला न्यायचं?" ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यामुळे ही धास्ती चार पिढ्यांची आहे. प्रत्यक्षात तिथल्या बाह्यरुग्ण विभागात नैराश्याचे कितीतरी रुग्ण येतात, औषध घेतात आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी असतात. सौम्य आजारात समुपदेशन आणि विचारांची दिशा बदलणारी उपचारपद्धती पुरेशी ठरू शकते. मध्यम किंवा तीव्र आजारात नैराश्यविरोधी गोळ्या लागतात. एस्सिटालोप्रॅम, व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या गोळ्यांनी मनाबरोबर अंगातल्या वाफाही कमी होतात, हा या वयातला मोठा फायदा. त्यांची सवय लागते हा गैरसमज आहे. सवय लागते ती मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेल्या अल्प्राझोलामची, जी इथे कित्येक बायका वर्षानुवर्षं "झोपेची अर्धी गोळी" म्हणून घेत असतात. ती एकदम बंद करायचीही नाही, डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू सोडवावी लागते.

हार्मोनच्या उपचाराबद्दल २००२ नंतर फार घबराट पसरली. अमेरिकेतली मोठी चाचणी थांबवली गेली, कारण स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढलेले दिसले. पण त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. साठीच्या आत आणि रजोनिवृत्तीच्या दहा वर्षांत, तीव्र वाफा असलेल्या निरोगी बाईला फायद्याचं पारडं सहसा जड असतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे औषध द्यायचं नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. बदलाच्या वर्षांतल्या नैराश्यात इस्ट्रोजेनने फरक पडतो असे अभ्यास आहेत. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मात्र तो दिसत नाही. म्हणून म्हणते, लवकर या.

घरात करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. पंखा तिच्याकडे वळवा. रात्री सुती गाऊन, उशाशी गार पाणी, संध्याकाळी पाचनंतर चहा नको, मिश्री तर नकोच. वऱ्हाळा देवी तलावाकडे सकाळी अर्धा तास चालायला दोघी-तिघींनी मिळून जा. चालण्याइतकाच सोबतीचाही उपयोग होतो. नवऱ्याला मी केबिनमध्ये बोलावते आणि सांगते की हिला राग येतो तो तुमचा नव्हे, आणि जवळीक नकोशी वाटते त्यामागे कोरडेपणाची वेदना असू शकते, तिलाही औषध आहे. बरेचसे नवरे हे पहिल्यांदाच ऐकत असतात आणि मनापासून ऐकतात. दवाखान्यात येणं जमत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दिवाळीच्या तोंडावर एक सूचना मुद्दाम करते. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्यात गुण नाही म्हणून त्या फेकू नका. आणि नवरात्रात सुरू केलेल्या औषधाने दिवाळीत बरं वाटू लागलं, साफसफाई झाली, फराळ झाला, म्हणून त्या बंदही करू नका. पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात आणि मग डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.