एलजी की चार नंबर?

मळ्यातल्या वस्तीवर चोऱ्या वाढल्या, तसे आबा बेचैन झाले. परवान्याची जुनी बारा बोअरची दुनळी घरात होती. काडतुसं मात्र संपलेली. जिल्ह्याच्या गावी दुकानदाराने विचारलं, "एलजी देऊ की चार नंबर?"

एलजीचे छर्रे काबुली हरभऱ्याएवढे, मोजकेच. चार नंबरचे ज्वारीएवढे, शंभरावर. आबांचा कल एलजीकडे होता. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, पडवीच्या पत्र्यापलीकडे गड्याची पोरं झोपतात!"

आबा गप्प झाले. मोठा छर्रा पत्रा सहज भेदतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चार नंबरची घेतली. परवान्यावर नोंद करताना दुकानदाराने बजावलं, "बारीक म्हणून खेळ समजू नका. खोलीभर अंतरात छर्रे फारसे पसरत नाहीत. एकगठ्ठा लागतात नि जीव घेतात."

घरी रिकामी बंदूक कपाटात गेली, काडतुसं वेगळ्या पेटीत. दोन्ही किल्ल्या आजींच्या कमरेला.

आठवड्याने मध्यरात्री कडी वाजली. आबा कपाटाकडे धावले. आजींनी मात्र किल्ली न देता आधी अंगणातला दिवा लावला नि विचारलं, "कोण आहे?"

दारात गड्याचा धाकटा उभा होता. आईला ताप चढला होता, गोळी हवी होती.

दुसऱ्याच दिवशी आबांनी गोठ्याकडेही एक दिवा बसवला. काडतुसांची पेटी अजून तशीच भरलेली आहे.