रिंग रोडवरचे दोन पोशाख

हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाया मी लहानपणापासून बघतोय. लांब गडद झगा आणि पुढे रंगीत पट्ट्यांचा एप्रन. आई त्यांच्याशी घासाघीस करायची. त्या एप्रनला काही नाव असेल, हे कधी मनातही आलं नाही. ते कळलं दिल्लीत, तेही एका कोरियन झग्याच्या निमित्तानं.

त्या बुधवारी सकाळी लाजपतनगरात होतो. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही वस्ती. आता सलवार-कमीजसाठी अख्खी दिल्ली इथल्या सेंट्रल मार्केटात येते. इथेच रिंग रोडला लागून 2012 साली सुरू झालेलं कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे. कॉलेजच्या मुली हानबोक घालून फोटो काढत होत्या. आखूड ‘जोगोरी’, छातीपासून घेर धरणारी ‘छिमा’ आणि पुढे एकाच पाकळीची रिबिनीची गाठ.

याच हानबोकवरून फेब्रुवारी 2022 मध्ये दक्षिण कोरिया खवळला होता. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनचा ध्वज हातोहात पुढे नेणाऱ्यांमध्ये एक तरुणी हानबोकमध्ये होती. आमच्याकडे कोरियन वंशाचे लोक राहतात, हा त्यांचाही पोशाख, असं चीनचं म्हणणं. आमचा राष्ट्रीय पोशाख तुम्ही तुमच्या एका अल्पसंख्य जमातीचा करून टाकलात, ही कोरियनांची तक्रार.

कोरियाकडे तक्रार मांडायला सरकार आहे, दूतावास आहे. तिबेटी निर्वासितांकडे ना जगानं मानलेलं सरकार, ना दूतावास; त्यांच्याकडे जायलाही हाच रिंग रोड धरायचा. आश्रम, सराय काले खां, राजघाट, लाल किल्ल्याची पाठ, काश्मिरी गेटचा बस अड्डा असं करत टॅक्सी मजनू का टीलाला पोचली. इथल्या मजनूचा लैलाशी संबंध नाही. सिकंदर लोदीच्या काळी लोकांना फुकटात यमुनापार नेणारा एक ईश्वरवेडा इथे राहायचा आणि गुरू नानक त्याच्याकडे मुक्कामाला होते, अशी परंपरा आहे. तिथला गुरुद्वारा आजही गजबजलेला असतो. 1959 नंतर तिबेटमधून परागंदा झालेल्यांनी त्याच परिसरात, नदीकाठी संसार मांडले. सरकारदरबारी वस्तीचं नाव न्यू अरुणानगर.

समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटावं लागेल, एवढे अरुंद बोळ. वर प्रार्थनेच्या पताका, खाली लाफिंग या तिबेटी खाण्याच्या गाड्या आणि दुकानादुकानांत टांगलेले कोरियन फॅशनचे ढगळ कपडे. त्यांच्या मधोमध एक चुब्यांचं, म्हणजे त्या लांब तिबेटी झग्यांचं दुकान होतं. दुकानातल्या ताईंनी बिनबाह्यांचा चुबा उलगडून दाखवला. आत लांब बाह्यांचा ‘वोंजू’, पाठीशी दोन घड्या, कमरेला बंद. एप्रनचं नाव ‘पांगदेन’. तो लग्न झालेल्या बाईनं बांधायचा. तीन अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी शिवलेल्या, पण एकीच्या रेघा दुसरीशी जुळत नव्हत्या.

“शिवताना चुकलंय का?” मी हिंदीत विचारलं.

“मुद्दाम,” त्या हसल्या.

भरजरी कापड मात्र बनारसचं. तिथले मुसलमान विणकर पिढ्यान्‌पिढ्या तिबेटी लोकांसाठी ‘ग्यासर’ विणत आले आहेत.

ताई स्वतः चुब्यातच होत्या. आज काही सण आहे का, विचारलं. “सण कसला, ल्हाकार,” त्या म्हणाल्या. ल्हाकार म्हणजे शुभ्र बुधवार, दलाई लामांचा पवित्र वार. मार्च 2008 मध्ये तिबेटात उठलेली निदर्शनं चिरडली गेली. त्यानंतर बुधवारी चुबा घालायचा, तिबेटी बोलायचं, तिबेटी खायचं, अशी ही बिनघोषणांची चळवळ रुजली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनमधल्या 56 समाजांच्या पोशाखात 56 मुलं मिरवली होती. त्यातली बहुतेक मुलं चीनमधल्या बहुसंख्य हान समाजाचीच होती, हे नंतर उघड झालं.

पोशाख कोणाचा, हा वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा. मला विचाराल तर कामाच्या दिवशी, गिऱ्हाईक सांभाळत, सुट्टे पैसे मोजत जो घालतो, त्याचा.

येत्या हिवाळ्यात तुमच्या गावच्या तिबेटी बाजारात स्वेटर घ्यायला गेलात, तर भाव पाडण्याआधी त्या रंगीत एप्रनकडे एकदा नीट बघा. रेघा जुळत नसतील.