ऑबर्न अव्हेन्यू वाचत जाताना

अटलांटा शहरातल्या ऑबर्न अव्हेन्यूवर 'व्हीट स्ट्रीट बॅप्टिस्ट' नावाचं चर्च आहे. नवख्याला वाटावं, आपण भलत्याच रस्त्यावर आलो. पण व्हीट स्ट्रीट हे या रस्त्याचंच जुनं नाव. १८९३ साली ते बदललं, चर्चच्या नावात मात्र ते आजही टिकून आहे. खांबावर एक नाव आणि दारावर दुसरं, अशा ठिकाणी माझा पाय अडतो.

ही वस्ती काळ्या लोकांची. १९०६ साली गोऱ्या जमावाने शहराच्या मध्यभागी काळ्यांवर हल्ले केले, माणसं मारली, दुकानं फोडली. त्यानंतर काळ्यांचे धंदे इथे एकवटत गेले. अलोन्झो हर्नडन यांचं केशकर्तनालयही त्या दंगलीत फुटलं होतं. हर्नडन गुलामगिरीत जन्मलेले, स्वतः मालक, तरी त्या दुकानात गिऱ्हाईक फक्त गोरं. त्यांनी उभी केलेली 'अटलांटा लाइफ' ही विमा कंपनी मात्र या रस्त्याची शान झाली.

त्या काळी पाण्याच्या नळांवर, स्टेशनांच्या प्रतीक्षागृहांवर 'गोऱ्यांसाठी', 'काळ्यांसाठी' अशा पाट्या असत. कुठे थांबायचं नाही हे सांगणारी अक्षरं दिवसभर वाचायची आणि संध्याकाळी या रस्त्यावर वळायचं. इथे विमा कंपनी आपली, 'अटलांटा डेली वर्ल्ड' हे दैनिक आपलं, दारावरचं नाव आपल्या माणसाचं. अशा पाटीला नुसती जाहिरात म्हणणं मला पटत नाही. तो हक्क होता, रंगवून भर रस्त्यात टांगलेला.

पुढे प्रिन्स हॉल मेसॉनिक इमारत लागते. १९४९ साली काळ्या मालकाचं अमेरिकेतलं पहिलं रेडिओ केंद्र, 'डब्ल्यूईआरडी', सुरू झालं. ते याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. पुढे खाली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेचं कार्यालय आलं. किंग यांना लोकांशी बोलायचं असलं की ते झाडूच्या दांड्याने छतावर ठोकत आणि वरून खिडकीतून मायक्रोफोन खाली सोडला जाई, असं सांगतात.

मग महामार्ग आला आणि रस्त्याचे दोन तुकडे झाले. पुलाखालून चालताना डोक्यावरच्या गाड्यांची घरघर ऐकू येते. १९७६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरी १९९२ साली देशातल्या सर्वाधिक धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत ऑबर्नचं नाव आलंच. माहितीफलक आहेत, चांगले आहेत, पण ते बोलतात भूतकाळात: इथे अमुक होतं, तमुक राहत असत. मला त्यांच्यापेक्षा बिग बेथेल चर्चच्या मनोऱ्यावरची निळी निऑन अक्षरं जवळची वाटतात. 'जीझस सेव्ह्ज', एवढंच. ती आजच्या माणसाशी बोलतात. आणि ज्या महामार्गाने ही वस्ती चिरली, त्यावरून रात्री जाणाऱ्यांनाही ती लांबून वाचता येतात.