नऊ वर्षांचा गॅप

बायोडेटात २०१३ ते २०२२ या वर्षांसमोर काय लिहायचं, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. साडेचार वर्षांचं बीपीटी, त्यातले सहा महिने इंटर्नशिप, नंतर मिरजेत चार वर्षं नोकरी. मग दोन बाळंतपणं, आणि धाकटी सव्वा वर्षाची असताना अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला. घरातच फिजिओथेरपिस्ट असल्यावर बाहेरचा कोण बोलावणार?

डावी बाजू गेली होती. पहिले दोन महिने मी सगळ्यांना एकच गोष्ट ओरडून सांगायची : उठवताना डावा हात धरून ओढू नका. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. त्यात कुणी ओढलं की खांद्याचं दुखणं मागे लागतं. भेटायला येणारे पाहुणे मात्र मायेपोटी नेमका तोच हात धरायचे. अब्बा काठी घेऊन मोहल्ल्यातल्या मशिदीपर्यंत जायला लागले, त्याला चौदा महिने गेले. त्यानंतर चार वर्षं ते होते. याचं अनुभव प्रमाणपत्र कोण देणार?

एका दवाखान्यात मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांनी कागद पाहून विचारलं, "म्हणजे नऊ वर्षं तुम्ही घरीच होता?" मी अब्बांचं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण ते घरचं झालं." पगार नुकत्याच पास झालेल्या मुलीइतका सांगितला. मी नको म्हणून आले.

राग आला. पण त्यांचं अर्धं म्हणणं खरं होतं, हेही सांगायला हवं. एका पेशंटला वर्षानुवर्षं पाहणं वेगळं आणि दिवसाला पंधरा जणांना तपासणं वेगळं. शिवाय शास्त्र थांबलेलं नव्हतं. पाय मुरगळला की विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हे आम्ही पाठ केलेलं सूत्र. १९७८ मध्ये ते मांडणारे डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो. अल्ट्रासाउंडच्या मशीनवर आमची निम्मी ओपीडी चालायची. कंबरदुखीला ती वापरू नका, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं. मी तेव्हा घरी अब्बांना भिंतीला धरून उभं करत होते.

ब्रिटनमध्ये असलेल्या वर्गमैत्रिणीने तिथला नियम सांगितला. खंड दोन ते पाच वर्षांचा असेल तर ३० दिवस, त्याहून जास्त असेल तर ६० दिवस ज्ञान अद्ययावत करायचं. कुणाच्या देखरेखीखाली काम करून, कोर्स करून, काही भाग घरी वाचून. मला हे फार आवडलं. कारण त्यात बाईला कुणी "घरी काय करत होता" असं विचारत नाही, किती दिवस लागतील तेवढं सांगतात. मला असं काही कुणी सांगितलं नाही, म्हणून मीच ठरवलं. आधी कौन्सिलच्या नोंदणीचं राहिलेलं काम उरकलं, मग एका सीनियर मॅडमच्या क्लिनिकमध्ये बिनपगारी साठ दिवस मोजून काढले. पहिल्या आठवड्यात दोन्ही अंगठे इतके दुखायचे, की रात्री भाकरी थापायचं काम नवऱ्याकडे गेलं. त्या भाकरींबद्दल न बोललेलं बरं.

आता तिथेच सकाळी नऊ ते दोन नोकरी करते. गुडघा बदललेल्या बायका जास्त येतात. मापन करताना खालाजान हळूच विचारतात, "बेटी, सजदा होईल का गं?" खुर्चीतून उठायला गुडघा ९०-१०० अंशांत वाकला तरी भागतं, नमाजात टाचांवर बसायला १४० च्या आसपास लागतो. ऑपरेशननंतर बहुतेकांना ११०-१२० मिळतो, आणि गुडघे टेकायचे का, हे सर्जनला विचारूनच. मग मी खुर्चीवरची नमाज दाखवते. खुर्ची पक्की, हात नसलेली नको, चाकांची तर नकोच.

पगार ठरला तो मधला. मुलं अडीचला शाळेतून येतात.