पगार झाला

आपल्या मराठीत पाऊस होतो, लग्न होते, सकाळ होते. आणि पगारही होतो. ‘मालकाने पगार दिला’ असे आपण क्वचितच म्हणतो. ‘पगार झाला’ असे म्हणतो. देणारा कोण, हे त्या वाक्यात कुठेच दिसत नाही. जणू मृगाच्या सरीसारखा तो वरूनच येतो, आणि लांबला तर मृगासारखीच त्याचीही वाट पाहायची.

इतका घरचा झालेला हा शब्द मुळात घरचा नाही. मॅट्रिकच्या पुढे न शिकलेल्या मास्तराने लॅटिनच्या वाटेला जावे, हे तसे धाडसाचेच. पण शब्दाचे बोट धरले की तोच आपल्याला घेऊन जातो. पगार आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांकडून. वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्या हाती होती, गोवा 1510 पासून 1961 पर्यंत. किनाऱ्यावर उतरून घाट चढलेल्या पाव, चावी, बटाटा या मंडळींतच हाही होता. गोव्यातल्या आसगावचे विद्वान सेबास्तियांव दालगादो यांनी अशा शब्दांचा मागोवा घेऊन 1913 साली पोर्तुगालात कोइंब्रा येथे ग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगीजांचे ‘पगार’ हे क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. आपण त्याचे नाम केले. तिकडे जी देणाऱ्याची क्रिया होती, ती इकडे घेणाऱ्याची वस्तू झाली.

पोर्तुगीजच्या पाठीमागे लॅटिन उभी आहे. तिथला मूळ शब्द ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. आणि ‘पाक्स’ म्हणजे शांतता. रोमन लोक हे क्रियापद जिंकलेल्या मुलखाविषयी वापरीत. सीझरने गॉल देश ‘शांत’ केल्याचे लिहून ठेवले आहे. ती शांतता कसली होती हे गॉलच्या लोकांनाच ठाऊक! पुढे मध्ययुगात मुलूख सुटला आणि सावकार आला. ‘पाकारे’ म्हणजे घेणेकऱ्याला शांत करणे, आणि मग नुसतेच पैसे देणे. फ्रेंचांकडून हाच शब्द इंग्रजीत जाऊन ‘पे’ झाला. ‘पीस’ आणि ‘पॅक्ट’ हेही त्याच कुळातले. मॅगेलन हा जन्माने पोर्तुगीजच. 1520 साली तो ज्या महासागरात शिरला, त्याला त्याने ‘शांत’ म्हटले. आपण त्याचे ‘प्रशांत’ करून मुलांच्या भूगोलात घातले. आणि ‘पे’ आपल्याकडे ‘पे-कमिशन’ होऊन साहेबाच्या वाटेने पुन्हा आला. पगाराच्या शेजारीच तो बसला, पण दोघांनी एकमेकांना ओळख काही दिली नाही.

घेणेकऱ्याला शांत करणे, हा अर्थ मला कोशावाचूनही कळला असता. उमेदीची काही वर्षे मी एका विनाअनुदानित शाळेत ‘बिनपगारी फुल अधिकारी’ होतो. वाण्याच्या वहीत माझ्या नावाचे पान भरत चालले, तसा मी त्याच्या दुकानावरून जाणे सोडून ओढ्याच्या अंगाने घरी येऊ लागलो. पहिला पगार झाला त्या दिवशी ताठ मानेने दुकानात गेलो. वाणी काही बोलला नाही. त्याने पानावर आडवी रेघ ओढली आणि मुलांची चौकशी केली. त्या रात्री घरातही कोणाचा आवाज चढला नाही. रोमन लोकांचे ‘पाक्स’ ते हेच असावे.

परंतु या शब्दाच्या मुळाशी आणखी एक अर्थ आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘पाक्स’चा धातू बांधणे, पक्के करणे या अर्थाचा मानतात, आणि संस्कृतातला ‘पाश’ त्याच्याच नात्यातला समजतात. म्हणजे पगार आणि पाश हे दूरचे भाऊबंदच!

आमच्या गावगाड्यात सुताराला, लोहाराला पगार नव्हता, बलुते होते. खळ्यावर धान्य मिळे, पण हिशेबावर आडवी रेघ कधी पडत नसे. काम पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि मिंधेपणही. महार वतनाने तर माणसेच बांधून ठेवली. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. अशा माणसाला गिरणीतला पहिला पगार म्हणजे केवढी मोकळीक वाटली असेल! काम केले, दाम घेतले. आता कोणी कोणाचे लागत नाही. आज आमची पोरे चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जातात. पगार मोबाइलवर वाजतो, आणि त्याच दिवशी हप्त्यांच्या रूपाने निघूनही जातो. मग त्यातला पाश तेवढा हाती उरतो.

आमच्या सुदुंबऱ्यात संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तेलाचा घाणा चालवणाऱ्या या माणसाने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. त्याचा मुशाहिरा कोणी ठरवला नव्हता. खुद्द तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सावकारानेच रेघ ओढावी आणि दोन्ही पक्ष शांत व्हावेत, याहून पुरते ‘पाकारे’ कोणते?

पण ते तुकोबांनी स्वतःच्या येण्याचे केले, दुसऱ्याच्या नव्हे. आज कोणी तरण्या शिक्षकाला ‘पगाराचे काय घेऊन बसलात, सेवा समजून करा’ असे सांगू लागले, की मला हा फरक आठवतो. सेवा हा शब्द फार चांगला आहे. वाण्याच्या वहीत मात्र तो रेघ ओढत नाही.