मधुचंद्राला बर्फ की समुद्र?

लग्न ठरलं की घरात दोन याद्या सुरू होतात, एक पाहुण्यांची आणि एक दागिन्यांची. हल्ली तिसरीही होते, मधुचंद्राला कुठे जायचं याची. माझ्या भाचीच्या या तिसऱ्या यादीत शेवटी दोनच नावं उरली होती, स्वित्झर्लंड आणि मॉरिशस. तिला बर्फ हवा होता, त्याला समुद्र. मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला आणि जुलै संपत आला तरी निर्णय नाही. एका रविवारी दोघं माझ्याकडे आली. दोन्ही देश पाहिलेली घरात मी एकटीच ना!

"मावशी, तू फक्त एवढंच सांग, जास्त सुंदर कुठलं?" भाचीने बसायच्या आधीच विचारलं.

मी म्हटलं, "आधी मला सांगा, कुठल्या महिन्यातलं?"

आपल्याकडे लग्नाची तारीख पंचांग आणि मंगल कार्यालय ठरवतं. मधुचंद्राचा देश मात्र आपण सिनेमा बघून ठरवतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' हा सिनेमा 1995चा. त्यातली गश्टाड-सानेनकडची हिरवी कुरणं आजही आपल्या मुलींच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. यश चोप्रांनी तो देश भारतीय घराघरांत इतका पोहोचवला की 2016 मध्ये इंटरलाकेन गावात त्यांचा पुतळा उभा राहिला. पण ती हिरवळ, ती फुलं आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा हे सगळं उन्हाळ्यातलं. डिसेंबरात तिथे सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि पावणेपाचला सूर्य मावळलेला असतो. डोंगरांच्या खोबणीत वसलेल्या गावांत ऊन त्याआधीच जातं.

मी स्वतः गेले होते मे महिन्यात. लाउटरब्रुनेनच्या दरीत शिरलं की दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे दिसतात आणि त्यांवरून धबधबे कोसळत असतात. त्यातला श्टाउबबाख तर जवळजवळ तीनशे मीटर उंचीचा. वरचा बर्फ वितळायला लागलेला असल्यामुळे त्याला भरपूर पाणी होतं. हिवाळ्यात तोच धबधबा बारीक होतो आणि डोंगराच्या पोटातले ट्रुमेलबाखचे धबधबे तर पाहण्यासाठी बंदच असतात. तळ्यांतल्या बोटींच्या फेऱ्याही हिवाळ्यात खूप कमी होतात. म्हणजे डिसेंबर वाईट, असं मुळीच नाही. नाताळचे बाजार भरतात, घरांच्या छपरांवर बर्फ साचलेला असतो. स्कीइंगची हौस असेल तर आणखी काय हवं? पण बर्फात खेळणं ही अर्ध्या दिवसाची मजा असते. बाकीचा दिवस जाड कपडे आणि योग्य बूट यांच्या चिंतेत जातो. ते बूट इकडून विकत नेले तर परत आल्यावर माळ्यावर पडून राहतात.

युंगफ्राउयोखला मात्र कुठल्याही ऋतूत जावं. 1912 मध्ये सुरू झालेली ती आगगाडी डोंगराच्या आतून बोगदा काढत 3454 मीटर उंचीवर नेऊन सोडते. वर श्वास थोडा जड होतो, म्हणून पहिल्याच दिवशी धावपळ करू नये. आणि एक लक्षात ठेवा. आगगाड्या, बस आणि बोटींसाठी मिळणारा जो प्रवासी पास आपण मोठ्या कौतुकाने घेतो, त्यात हा वरचा प्रवास पूर्ण धरलेला नसतो. सवलत मिळते, तरी बाकीचे पैसे खिशातूनच द्यावे लागतात आणि ते चांगलेच लागतात.

सहा तासांवरचा समुद्र

मॉरिशसची गोष्ट उलटी. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्या थंडीत तिथे उन्हाळा. मी गेले होते डिसेंबरात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर फुललेला पाहून चक्रावलेच. आपल्याकडे जो मेमध्ये बघायचा, तो तिथे नाताळच्या तोंडावर! बाजारात लिचीचे घोस टांगलेले. हवा दमट, आपल्या कोकणासारखी. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला चक्रीवादळांचा काळ आणि त्यातही जानेवारी ते मार्च हे महिने जास्त धोक्याचे. म्हणून फेब्रुवारीतल्या लग्नाच्या जोडप्याला मी मॉरिशस सांगताना दहा वेळा विचार केला असता. डिसेंबरच्या सुरुवातीला तेवढी भीती नसते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळावा, कारण दर चढलेले असतात.

बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचं कडं आहे. लाटा दूरवर त्या कड्यावर फुटतात आणि किनाऱ्याजवळचं पाणी उथळ, शांत राहतं. पोहता न येणाऱ्यालाही कमरेभर पाण्यात निवांत उभं राहता येतं. पायात रबरी बूट मात्र हवेत, कारण तळाशी काटेरी सागरी जीव असतात. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी हे कडं तुटतं आणि तिथला समुद्र एकदम खवळलेला दिसतो. तिथे उतरायचं नाही, फक्त बघायचं.

हॉटेलच्या किनाऱ्यावरच सात दिवस काढून येणारी जोडपी पाहिली की मला हळहळ वाटते. पोर्ट लुईच्या बंदरातला आप्रवासी घाट त्यांनी पाहिलेलाच नसतो. 1834 पासून कराराने आणलेले भारतीय मजूर याच दगडी पायऱ्या चढून वर गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. बहुतेकांच्या तोंडी क्रिओल असते, पण घरात गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. बाजारात डाळ भरलेली 'ढोल पुरी' मिळते. ती नेहमी दोनची जोडी, आत वालाची उसळ आणि टोमॅटोची चटणी. शाकाहारी माणसाला तिथे उपाशी राहावं लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये राहावं लागतं असं नाही, पण साध्या कॉफीला पाच फ्रँकच्या आसपास मोजताना घास अडकतो. एक फ्रँक म्हणजे आपले शंभराहून जास्त रुपये!

खरी अडचण

हे सगळं सांगून झालं तरी भाची गप्पच. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तशी मागोमाग आली. "मावशी, मला मॉरिशस आवडत नाही असं नाही गं. पण पहिल्याच गोष्टीत मी माघार घेतली, तर पुढे नेहमी मलाच घ्यावी लागेल."

आता काय बोलणार? बाहेर आल्यावर मी जावयांना सरळच विचारलं, "तुम्हाला समुद्रच का हवा?" ते थोडे चाचरले. मग म्हणाले, "मावशी, समुद्राचं एवढं काही नाही. बाबांच्या ऑपरेशनसाठी मी कर्ज काढलंय. अजून दीड वर्ष हप्ते आहेत. हिला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं! साखरपुडा होऊन चार महिने झाले होते. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं, मला कळलं नाही. दोघांना गच्चीवर पाठवून मी बशा धुवायला घेतल्या. तासाभराने दोघं खाली आली ती कागद-पेन मागतच.

मग आम्ही हिशेब मांडला. स्वित्झर्लंडच्या व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण प्रत्यक्ष भेटीची वेळ मिळवणंच कठीण. शिवाय तीस हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा हवा आणि व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि पुरेसे पैसे दाखवले की झालं. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तास, घड्याळात फरक फक्त दीड तासाचा. लग्नाच्या जागरणानंतर ही गोष्ट लहान नाही.

मॉरिशस ठरलं. भाचीने एकच अट घातली. स्वित्झर्लंडसाठी दोघांच्या नावावर बँकेत वेगळं खातं उघडायचं, कर्ज फिटलं की त्यात हप्त्याएवढी रक्कम टाकायची आणि जायचं ते मे महिन्यातच.

निघताना मी एक गोष्ट दोनदा बजावली. तिकिटावर नाव पासपोर्टवरचंच हवं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि हौसेने तिकीट सासरच्या नावाचं, असं करून विमानतळावर रडकुंडीला आलेली एक नवी नवरी मी स्वतः पाहिली आहे. नाव बदलायलाच हवं असं नाही. बदलायचं असेल तर परत आल्यावर सावकाश बदला. लग्नाच्या दाखल्याची प्रत मात्र मिळाली तर बरोबर ठेवा. नवविवाहितांना सवलत देणारी कितीतरी हॉटेलं तो मागतात.

डिसेंबरात तिचा फोन आला तेव्हा मागे पावसाचा आवाज येत होता. म्हटलं, झालं, गेला दिवस वाया! तर ती हसायला लागली. "अगं, हे क्यूरपीप आहे, उंचावरचं. ड्रायव्हर म्हणतोय पश्चिमेच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन असेल, अर्ध्या तासात पोहोचतो. आणि मावशी, टॅक्सीचं भाडं आधीच ठरवून घेतलंय हं. यांनी नाही, मी!"